रात्री दीडला छातीत धडधड, घाम, आता जातोय असं वाटतं. झोपेतच सुरू होतं. कुणाला आहे का असं?

कातळावरचा
४ जून, पहाटे २:५०

वेळ बघितलीत की कळेल का लिहितोय. तासाभरापूर्वीच झालं. ओटीवर बसलोय, वीज नाही, मोबाइलला २२ टक्के बॅटरी.

वय ४४, गुहागर तालुका. घरची आंब्याची कलमं, थोडी काजू. दारू-सिगारेट नाही. पहिल्यांदा झालं फेब्रुवारीत. दिवसभर तुडतुड्यांसाठी फवारणी केली, जेवलो, साडेअकराला आडवा झालो. दीडच्या सुमाराला जाग आली ती छाती फुटेल अशा धडधडीनेच. स्वप्न वगैरे काही नाही. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, श्वास घेतोय पण पुरत नाही. बायकोला म्हटलं, मी चाललो. भावाने गाडी काढली. पंचवीस किलोमीटरवर दवाखाना, पोचेपर्यंत निम्मं उतरलंही होतं. ईसीजी नॉर्मल. "गॅस आहे" म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. फवारणीचं औषध बाधलं अशी माझी खात्री होती, पण पुढच्या वेळेला फवारणी होऊन तीन आठवडे झाले होते.

आजचं धरून आठ वेळा झालं. दोनदा परत ईसीजी, एकदा रत्नागिरीला टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळं नीट. करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर आता उशाला असतो. मघाचा आकडा ९८, नाडी १२४.

आता दिवेलागणीपासूनच पोटात गोळा येतो. पाखाडी, म्हणजे घराकडची पायऱ्यांची वाट, चढून येणं सोडलंय, धाप लागली की तेच सुरू होईल असं वाटतं, म्हणून गाडीने वळसा घालून येतो. झोप तीन-साडेतीन तास. आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलंन, नारळ दिलान. मी नको म्हटलं नाही.

मला एकच समजत नाहीये. मी गाढ झोपलेला, डोक्यात काही विचार नाही, मग घाबरतो कोण?

सुरंगी
४ जून, सकाळी ६:१५

शेवटचा प्रश्न वाचून काटा आला. अगदी हाच प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी वेंगुर्ल्यात आमच्या मागच्या पडवीत बसून स्वतःला विचारला होता. वडील गेल्यानंतर तीन महिन्यांनी सुरू झालं. सगळे म्हणायचे, दुःख आहे, रडून घे. पण रडू येतच नव्हतं. दिवसभर मी ठणठणीत, रात्री एक वाजला की हे.

याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि तो झोपेतही येतो. मरत नाही माणूस, एवढं आत्ता लक्षात ठेवा. बाकी सविस्तर संध्याकाळी लिहिते, डबे करायचेत.

पीएचसीवाला
४ जून, दुपारी २:२०

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. तेवढ्या मर्यादेत लिहितो.

पहिल्या वेळी तुम्ही दवाखाना गाठलात ते शंभर टक्के बरोबर. छातीत धडधड आणि घाम, तेही चाळिशीनंतर, हे घरी बसून "मनाचं आहे" म्हणण्यासारखं नाही. यापुढेही छातीवर दाब आला, तो डाव्या हातात किंवा जबड्यात गेला, चक्कर येऊन पडलात, किंवा चढ चढताना दुखून थांबल्यावर कमी झालं, तर थेट १०८. तिथे हा धागा आठवू नका.

औषध बाधण्याबद्दल. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक बाधलं तर तोंडाला लाळ सुटते, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. तुमचं वर्णन तसं नाही. तरी फवारणीच्या दिवशी काही झालं तर डॉक्टरांना ते आधी सांगा आणि डबा बरोबर न्या. मास्क न लावता फवारणी करत असाल तर तो वेगळा धागा काढावा लागेल.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब हे झालंय का? थायरॉइड जास्त चालत असेल तर अशीच धडधड होते. आणि वहिनींना विचारा, तुम्ही घोरता का, घोरताना मध्येच श्वास थांबतो का. स्लीप अॅप्नियावाला माणूसही गुदमरून दचकून उठतो. रात्री दहाला जेवून साडेदहाला आडवं होणाऱ्यांना आम्लपित्त घशाशी येऊनही असं होतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: झोपेतले पॅनिक अटॅक बहुतेक वेळा झोप लागल्यावर एक ते तीन तासांत येतात, हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरताना. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते. म्हणून स्वप्न आठवत नाही, ते पडलेलंच नसतं. त्या उतारावर नाडी, श्वास यांत बारीकसारीक बदल सगळ्यांच्याच होतात. धोक्याची घंटा हलकी झालेल्या शरीरात तेवढ्यावरही ती वाजते. घाबरायला विचार लागत नाही.

मुंग्या आणि बधिर ओठ भरभर श्वास घेतल्यामुळे. कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने तसं होतं. श्वास पुरत नाही असं वाटतं खरं, पण तुमचा ऑक्सिजन ९८ होता.

देवगडचे_अण्णा
४ जून, रात्री ८:०५

अरे बाबा, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. अंगमेहनत, रात्री गरम पेज, वर थोडी गावठी, आणि मग सकाळी कोंबडा आरवेपर्यंत ढाराढूर. तुम्ही लोक मोबाइल बघत झोपता आणि मग धडधडतं.

सुरंगी
४ जून, रात्री ९:३०

अण्णा, तुमच्या वेळी पण होतं. माझी आजी सांगायची, शेजारचे काका रात्री उठून विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचे. सगळे म्हणायचे, बाहेरचं लागलंय. नाव नव्हतं, एवढंच.

पेजेला माझी हरकत नाही. पण "थोडी गावठी" नको हो. तिने झोप लवकर लागते हे खरं, पण उतरायला लागली की उत्तररात्री झोप तुकड्या-तुकड्यांत मोडते आणि धडधडही होते. माझ्या मोठ्या दिरांचं असंच झालं. झोपेसाठी सुरू केलेली नंतर झोपेशिवायही लागायला लागली.

देवगडचे_अण्णा
४ जून, रात्री ९:४१

बरं, गावठी मागे घेतो. पेज राहू दे.

चाकरमानी_डोंबिवली
५ जून, रात्री १२:१०

मूळ गाव राजापूर. गोळ्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मला एका ओळखीच्याने अल्प्राझोलाम सुचवलं, घबराट कमी करून झोप आणणारी गोळी. अर्धी गोळी. पहिल्या रात्री असा झोपलो की देवच भेटला वाटलं. अर्ध्याची एक झाली, एकाच्या दोन, आणि दोन वर्षं गेली. एकदा गावी जाताना पाकीट विसरलो, तर तिसऱ्या रात्री जे झालं ते मूळच्या त्रासाच्या दुप्पट. थरथर, घाम, भिंती अंगावर येत होत्या. एकदम बंद केल्यामुळे ते झालं हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. काहींना फिटही येते म्हणे. मग हळूहळू कमी करत पाच महिन्यांत सुटली, तीही त्यांच्या देखरेखीखाली. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे, दुकानदाराने चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं आणि वहीत नोंद ठेवायची असते. मला कसं मिळत होतं ते विचारू नका.

मनोवाचक
५ जून, सकाळी ११:००

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषधं लिहून देत नाही. डोंबिवलीकरांशी सहमत, एक पुरवणी: सगळ्या गोळ्या एका माळेत ओवू नका. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं वेगळ्या गटातली. त्यांची अल्प्राझोलामसारखी सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत घालमेल वाढूही शकते. ते आधी कुणी सांगत नाही, म्हणून लोक पाचव्या दिवशी सोडून देतात. ही औषधंही मनाने बंद करायची नाहीत.

आता कातळावरचा यांच्याबद्दल. तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात महत्त्वाच्या दोन गोष्टी वाटल्या त्या धडधडीच्या नाहीत. एक ऑक्सिमीटर, दुसरी पाखाडी.

डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं एक चक्र मांडलं, आजही उपचार त्यावर उभे आहेत. छातीत धडधडलं. तुम्ही अर्थ लावलात, "हार्ट अटॅक." त्या अर्थाने भीती वाढली, भीतीने अॅड्रेनालिन, त्याने आणखी धडधड. मग मन म्हणतं, "झालं की नाही, म्हणालोच होतो!" हे साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग उतरतं, कारण शरीर ती पातळी फार वेळ टिकवू शकत नाही. तुम्ही काही केलंत तरी उतरतं, नाही केलंत तरी उतरतं.

गोची इथे आहे. तुम्ही दर वेळी काहीतरी करता. बोटाला ऑक्सिमीटर लावता, ओटीवर जाता, भावाला हाक मारता. मग उतरलं की मन हिशेब मांडतं: आकडा बघितला म्हणून वाचलो. म्हणजे न बघता वाचलो असतो हे कळायची संधी त्याला मिळतच नाही. पाखाडीचंही तेच. फेब्रुवारीपासून तुमच्या मनाला "धाप लागली आणि काही झालं नाही" असा एकही दाखला तुम्ही दिलेला नाही.

आधी पीएचसीवाला म्हणतात त्या तपासण्या पूर्ण करा. हृदयाची बाजू स्वच्छ आहे असं डॉक्टर म्हणाले की पाखाडी परत चढायला लागा. मुद्दाम, जरा भरभर, संध्याकाळी. धडधड होऊ दे. वर पोचल्यावर नाडी मोजायची नाही.

पीएचसीवाला
५ जून, दुपारी १:४५

पाखाडीला दुजोरा, तपासण्यांनंतर. एक भर घालतो, अटॅक आला की श्वास सावकाश सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो अंगाशी येतो.

मनोवाचक
५ जून, दुपारी २:३०

सावकाश श्वासाबद्दल माझं मत किंचित वेगळं आहे. सुरुवातीला आधार म्हणून ठीक. पण "श्वास नीट घेतला नाही तर मरेन" असं व्हायला लागलं की तोही ऑक्सिमीटरच झाला, फक्त बॅटरी लागत नाही.

पीएचसीवाला
५ जून, दुपारी २:३८

हे पटलं. माझ्याकडे असा एक पेशंट आहे.

तांडेल
६ जून, पहाटे ४:५०

माका मालवणीतच येता, सांभाळून घेवा. तौक्ते वादळ इला तेव्हा, २०२१ चो मे म्हयनो, आमची होडी किनाऱ्याक आपटान फुटली. माणसा वाचली. पण मगे दर पावसाळ्यात वारो इलो की मी रात्री उठान बसतंय. आत्ता जून-जुलै बंदी आसा, होडी वर काढलेली, तरी पण मी उठान जावन दोरी बघतंय. बायल म्हणता, दोरी खंय जाता?

रात्री कोणाक फोन करूचो म्हणान पोराने १४४१६ लावून दिल्यान. टेली-मानस. सरकारी आसा, फुकट, रात्री पण उचलतत, मराठीत बोलतत. बाईन अर्धो तास ऐकून घेतल्यान. तेवढ्यान बरा वाटला, मगे ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात गेलंय.

वाशिष्ठी
६ जून, सकाळी १०:२५

तांडेल, दोरी बघायला जाणं मला नीट कळलं. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१. पाणी जिन्याच्या सातव्या पायरीवर थांबलं. अजून पावसाची झड लागली की मी रात्री उठून बॅटरी घेऊन जिना बघते. मी याला पॅनिकच समजत होते, पण मला स्वप्नं पडतात, पाण्याची, आणि वासही येतो, तो गाळ आणि डिझेलचा. डॉक्टर म्हणाले हे आघातानंतरचं आहे, दोन्हींत साम्य असलं तरी याचे उपचार वेगळे. कातळावरचांना स्वप्न नाही असं वाचलं म्हणून हा फरक सांगावासा वाटला.

कातळावरचा
९ जून, रात्री १०:१५

एवढं सगळं वाचून आधी गप्पच झालो. तांडेल, वाशिष्ठी, तुमच्यापुढे माझं काय, असंही वाटलं.

टीएसएच नॉर्मल, साखर नॉर्मल, हिमोग्लोबिन १३.४. घोरतो, पण मध्ये थांबत नाही असं बायको शपथेवर सांगते. सकाळी डोकंही जड नसतं. डॉक्टर म्हणाले, पाखाडी बिनधास्त चढा.

एक गोष्ट आधी लिहिली नाही, ती लिहितो. दोन वर्षं मोहोर चांगला येऊन गळतोय. पीककर्ज आहे. वाशीहून दलालाची पट्टी, म्हणजे आंब्याच्या विक्रीचा हिशेब, आली की पाकीट दोन दिवस उघडत नाही मी. पण ते सगळं दिवसा. रात्री मी खरंच त्याचा विचार करत नव्हतो.

सुरंगी
९ जून, रात्री १०:५२

मीही वडिलांचा विचार करत नव्हते.

मनोवाचक
१० जून, सकाळी ९:३०

झोपेचं वेगळं बघू, कारण अटॅक थांबले तरी मोडलेली झोप आपोआप जागेवर येत नाही.

तुम्ही किती वाजता अंथरुणात शिरता? माझा अंदाज, झोप पुरत नाही म्हणून नऊलाच. तिथेच चूक होते. साडेतीन तासांच्या झोपेसाठी नऊ तास अंथरुणात लोळलात तर उरलेले साडेपाच तास अंथरूण तुम्हाला जागं राहायला शिकवतं. उठायची वेळ पक्की करा, समजा साडेपाच, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणात साडेअकराच्या आधी जायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद उजेडात, कंटाळवाणं काहीतरी करा, पेंग आली की परत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून. दुपारची वामकुक्षी काही आठवडे बंद. पहिला आठवडा वाईट जातो, तेव्हा रात्रीची गाडी चालवू नका, झाडावर चढू नका. झोप सलग व्हायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवायची. ज्यांना फिट येतात किंवा बायपोलर आजार आहे त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

हे माझ्या पदरचं नाही. याला सीबीटी-आय म्हणतात, आणि जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हे करावं अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ ची शिफारस आहे.

चहा किती?

कातळावरचा
१० जून, सकाळी ९:४८

सहा. शेवटचा रात्री नऊला, कोरा. आणि अंथरुणात नऊला नाही, साडेआठला.

मनोवाचक
१० जून, सकाळी १०:०१

कॅफिन निम्मं व्हायलाच सरासरी पाच तास लागतात. दुपारी दोननंतरचे सगळे बंद.

देवगडचे_अण्णा
१० जून, सकाळी १०:२०

कोकणात पावसाळ्यात संध्याकाळचा चहा बंद करायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

कातळावरचा
२ जुलै, दुपारी ४:३०

हिशेब देतो. पहिले नऊ दिवस नरक. संध्याकाळी सातला डोळे मिटायचे, बायको हाताला धरून उठवायची. दहाव्या दिवसापासून साडेअकरा ते चार सलग झोप लागायला लागली.

पाखाडी पहिल्या दिवशी निम्मी चढलो आणि चिऱ्याच्या गडग्याला टेकलो. छाती धाडधाड, हात आपोआप खिशात गेला, ऑक्सिमीटर होता तिथे. आणायचा नाही असं ठरवूनही आणला होता! लावला नाही, एवढंच. शेवाळ बघत बसलो. तीन-चार मिनिटांत छाती शांत झाली आणि मी येड्यासारखा हसलो. आता रोज चढतो. ऑक्सिमीटर बायकोने तांदळाच्या डब्यात टाकलाय.

२६ जूनच्या रात्री अटॅक आला. पाऊस, वीज गेलेली, बेडकांचा गोंगाट. उठलो नाही. आढ्याकडे तोंड करून पडून राहिलो आणि मनात म्हटलं, ये, काय करायचंय ते कर. आलाच. बोटं, ओठ, सगळं. शेवटी तर खरंच वाटलं की या वेळी मी चुकलो, या वेळी खरा आहे. भावाला हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग उतरायला लागला. किती वेळ लागला माहीत नाही, घड्याळ भिंतीकडे होतं. बायको सकाळी म्हणाली, बरे झोपलात आज.

रत्नागिरीला मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवलंय, रोज एक गोळी सुरू आहे. पहिला आठवडा घालमेल वाढली होती, मनोवाचकांनी आधी सांगितलं नसतं तर फेकून दिली असती. आईला सांगितलं तेव्हा म्हणालीन, गोळी पण घे आणि गाऱ्हाणं पण राहू दे.

चाकरमानी_डोंबिवली
२ जुलै, रात्री ११:४०

"या वेळी खरा आहे." हे प्रत्येक वेळी वाटतं. माझं सुटून चार वर्षं झाली, तरी वर्षातून एकदा येतो आणि तेव्हाही वाटतं.

तांडेल
१ ऑगस्ट, रात्री ९:००

बंदी संपली. होडी पाण्यात. दोरी बघूक आता कारण तरी आसा.

कातळावरचा
१५ सप्टेंबर, संध्याकाळी ५:१०

गौरी-गणपती गेले, चाकरमानी गेले, घर रिकामं झालं. माजघरात चौदा जण झोपलो होतो. मला भीती होती की एवढ्या लोकांत झालं तर काय. झालं, दुसऱ्या रात्री. लहान होता, अर्धा. शेजारी पुतण्या जागा होता, डासांमुळे. म्हणाला, काका, तुला पण झोप येत नाहीये? म्हटलं, येईल. नंतर तो आधी झोपला की मी, आठवत नाही.

जुलैत दोन, ऑगस्टमध्ये एक, सप्टेंबरमध्ये हा अर्धा. दलालाची पट्टी अजून उघडवत नाही, ते चालूच आहे. आरतीच्या आठ दिवसांत संध्याकाळचा चहा प्यायलो, ते मनोवाचकांनी वाचलं नाही असं समजतो.

वाशिष्ठी
१५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:०२

मी पण काल रात्री जिना न बघता राहिले. पाऊस नव्हता, पण तरी.

सुरंगी
१५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

तुमच्या त्या पाखाडीला पायऱ्या किती हो? आमच्याकडे सगळी सपाटी, मला जिना शोधावा लागतो.

कातळावरचा
१५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

११२. आत्ताच चढून आलो. वरच्या चार फुटल्यात, आलात कधी तर तिथे जपून.